दुसरा ब्रेक

९ जानेवारी

ठमीने आजही पडदा उघडू दिला नाही. सकाळचा पहिला विद्यार्थी आटोपून मी घरी चहाला आलो, तिच्या खोलीत शिरून पडद्याची दोरी ओढली, तर म्हणाली, "बाबा, राहू द्या. बाहेर परवा जे होतं तेच असेल." मी पडदा परत लावला. भर चौकात गाडी बंद पडली म्हणून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडणाऱ्या बायाबापड्यांना मी बोलून बोलून पलीकडे नेलंय. अर्ध्या गावाला गाडी मी शिकवली. पोटच्या पोरीपुढे मात्र माझी बोलती बंद होते.

मणक्याचं दुखणं. आधी तळव्यांना मुंग्या, मग काठी, मग चाकांची खुर्ची. पाय परत येणार नाहीत हे डॉक्टरांनी सांगितलं त्याला आता वर्ष होत आलं. यात कोणाची चूक नाही, त्यामुळे शिव्या तरी कोणाला द्यायच्या? ठमीची आई भांड्यांवर राग काढते. मी विद्यार्थ्यांवर. ठमी कोणावरच काढत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

ती नदीपलीकडे रंगाच्या कारखान्यात होती. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा, फरशीचा कपचा, काहीही आणून देई आणि ही नुसत्या नजरेने सांगायची की यात काळा थोडा कमी, पिवळा किंचित जास्त. मशीनपेक्षा हिचा डोळा बरा, असं तिच्या वरच्या बाई म्हणायच्या. त्याच बाईंनी तिची जागा मार्चअखेरपर्यंत अडवून धरली आहे. पण कारखान्याच्या बसच्या पायऱ्या उंच. एकदा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून चढवलं. त्या संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, पुन्हा नाही. मी नेतो-आणतो म्हटलं तर म्हणाली, "शिफ्ट बदलत्या असतात. तुमच्या विद्यार्थ्यांना काय आई शिकवणार? आणि बाबा, मी एकोणतीस वर्षांची आहे. बालवाडीत चालले नाहीये."

आज वही काढली त्याला कारण आहे. गॅरेजवाला फिटर म्हणाला, "मास्तर, एक गाडी आहे. चांगली आहे, स्वस्त आहे, आणि कोणालाच घेता येत नाही."

मी म्हटलं, "चोरीची आहे का?"

"नाही हो. अपंगाची गाडी म्हणून नोंदलेली आहे. ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं हाताने. कर माफ. पण विकायची तर दुसऱ्या अपंगालाच, असा नियम. धडधाकट माणसाच्या नावावर ती होतच नाही."

इतके दिवस 'अपंग' हा शब्द घरात कोणी उच्चारला की मी उठून जायचो. आज पहिल्यांदा तो माझ्या पोरीच्या उपयोगी पडला. मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

१२ जानेवारी

गाडी पाहिली. मालक घड्याळं दुरुस्त करायचे, लहानपणापासून पायात जोर नव्हता. गेल्या साली वारले. मागे त्यांच्या बाई एकट्याच आहेत. गाडी पुसूनपुसून ठेवलेली. गिअर आपोआप बदलणारी, स्टिअरिंगवर एका हाताने फिरवायला लट्टू, आणि बाजूला एक दांडी. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की वेग. फिटर म्हणाला, काम पक्कं आहे.

बाईंनी आधी एकच विचारलं, "चालवणार कोण?" मुलगी म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. दोन दलाल येऊन गेले म्हणे, दांडी काढून टाकतो, कागदाचं बघून घेतो म्हणणारे. त्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं.

मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटायची त्यांच्या शेजारी बसायला?"

"वाटायची की. पण मी कधी 'सावकाश' म्हटलं नाही. ओठ चावून बसायची."

बाई धीराच्या आहेत की नुसत्याच भोळ्या, मला कळलं नाही. शेजारी बसणाऱ्याने गप्प बसायचं म्हणजे काय? मग बसायचंच कशाला?

१३ जानेवारी

गाडी दारात आणून लावली आणि हॉर्न दिला. आत जाऊन काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने खोलीचा पडदा हलला.

"बाबा, आईला निळी म्हणालात ना? ही निळी नाही. यात हिरवा पडलाय जास्त."

ठमीच्या आईने स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरला. मी म्हटलं, "तू बाहेर येऊन नीट बघ, मग भांड माझ्याशी." आली. खुर्चीतून उतरून गाडीत बसायला तिला फार कष्ट पडले, पण मला हात लावू दिला नाही. बसल्यावर दांडीवर हात ठेवला आणि नुसतीच बसून राहिली. किल्ली फिरवलीसुद्धा नाही.

रात्री जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला.

१८ जानेवारी

गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात नेली. नेली म्हणजे तिथपर्यंत मी चालवली, पुढे ती. ठमीला गाडी येत होतीच, मीच शिकवलेली. पण पायांनी शिकलेलं हाताला कुठलं माहीत? दांडी ढकलायची तिथे ओढली. गाडी सरळ खांबावर निघाली. मी स्टिअरिंग हिसकलं. खांब आरशाला घासून गेला.

तेवढ्या वेळात माझा उजवा पाय खाली दाबत होता, दाबत होता, आणि खाली काहीच नव्हतं. नुसती पत्र्याची जमीन. माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो. तीस वर्षं माझा पाय त्याच्यावर ठेवलेला असतो. माझ्या गाडीत कोणाला खरचटलेलंसुद्धा नाही, ते त्या पायामुळे. आज माझी पोर गाडीत होती आणि पायाखाली ब्रेक नव्हता.

दोघंही रडलो. ती म्हणाली, "नाही जमायचं, बाबा. परत करा." मी गाडी चालवत घरी आणली. तिने खोलीत जाऊन पडदा लावला.

आता पुढे काय, काही सुचत नाही. हे असंच होणार असेल तर मी ती गाडी आणलीच का? आधी निदान तिला आशा तरी नव्हती.

२० जानेवारी

फिटरकडे गेलो. शाळेच्या जुन्या गाडीतून काढलेला पेडल आणि केबल त्याच्याकडे पडून होते. म्हटलं, माझ्या बाजूला बसव.

तो म्हणाला, "मास्तर, हा दाबलात की तिकडचा पेडल दबणार, आणि पेडलला दांडी जोडलेली. तिच्या हातातली दांडी आपोआप पुढे जाणार."

"जाऊ दे ना. चांगलंच आहे. तिच्या हाताला वळण लागेल."

"पोरीला सांगणार ना?"

"सांगेन."

बसवला. वरून रबरी चटई टाकली आणि पुढे माझी पिशवी ठेवली. ठमी तिकडच्या दाराने चढते, माझ्या पायाशी काय आहे ते तिला दिसत नाही. आठवडाभराचा प्रश्न आहे. हात बसला की काढून टाकू. आत्ता सांगितलं तर ती म्हणणार, मग मी कशाला चालवू? आणि पुन्हा पडदा.

२७ जानेवारी

जादू झाली म्हणतात ती हीच. मैदानात आठाचा आकडा काढून झाला, उलटी गाडी झाली, आता गोदामांचा रस्ता. थांबते ते अगदी लोण्यासारखं. "बाबा, दांडी किती हलकी आहे, नुसतं मनात आणलं तरी थांबते!" मी म्हटलं, गाडी गुणी आहे.

आज आमच्या शाळेतून पास होऊन गेलेल्या शिवणकामवाल्या बाईंचा फोन आला. नवी गाडी घेतली, दारात उभी आहे. "मास्तर, तुम्ही शेजारी बसल्याशिवाय चालू करायचा धीरच होत नाही." हा असा चौथा-पाचवा फोन. माझ्याकडे शिकलेली माणसं पास होतात, गाडी घेतात आणि झाकून ठेवतात. इतका जीव लावतात. ठमीला गंमत म्हणून सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आणि मग ती काय करतात?"

"कोण?"

"ती माणसं. गाडी झाकल्यावर."

मला काय माहीत!

५ फेब्रुवारी

पूल ओलांडून कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आत गेली नाही. फाटकावरचा पहारेकरी ओळखून उठला तर हात हलवला.

येताना म्हणाली, "बाबा, कधीकधी दांडी हातातून आधीच पुढे जाते. म्हणजे मी ढकलायच्या आधी. असं होतं का?"

मी म्हटलं, "जुनी गाडी आहे. जुन्या मालकाची सवय असते तिला."

पटलं तिला. म्हणाली, "घड्याळवाले काका सावध होते म्हणजे."

खोटं बोललो, पण कोणाचं काय बिघडलं?

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते मला सगळं लिहून ठेवायचं आहे.

बाजारपेठेत भाजीच्या गाड्यांमधून एक सात-आठ वर्षांचा मुलगा सायकल घेऊन एकदम समोर आला. गाडी जागच्या जागी थांबली. मुलगा पडला, उठला, आम्हालाच जीभ दाखवून पळाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. ठमीच्या छातीचा भाता झाला होता. मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "मी थांबवली! बाबा, पाहिलंत? मी थांबवली!"

घरी आल्यावर आईला सांगितलं. मैत्रिणीला फोन करून सांगितलं. कारखान्यातल्या बाईंना फोन केला, आणि तिथे ते पोराचं सांगून झाल्यावर म्हणाली, "बाई, जागा कोणाला देऊ नका. मी येते." वर्षभरात तिने स्वतः होऊन कोणाला फोन केला नव्हता. आईने तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "आई, मला वाटलं होतं मी आता कोणाच्याच कामाची नाही. आज त्या पोराला मी वाचवलं."

पाय मीही दाबला होता. अर्थातच दाबला होता. पण तिनेही ढकललीच असणार दांडी. मग कोणी थांबवली याचा कीस कशाला काढायचा? पोरगं वाचलं, पोरगी हसली.

१२ फेब्रुवारी

ठमीच्या आईला पेडल दिसला. गाडी झाडायला गेली होती. तिला यातलं फार कळत नाही, पण हे कळलं.

"अहो, हे तिला माहीत आहे?"

"सांगायचंय."

"कालच्या दिवसानंतर कसं सांगणार तुम्ही?"

मी गाडीच्या काचा पुसायला घेतल्या. ती म्हणाली, "मग निदान काढून टाका. तिला कळायच्या आत." आणि चटई परत नीट अंथरून ठेवली.

२१ फेब्रुवारी

नोंदणी कचेरीने तारीख दिली. चार मार्च. त्याच दिवशी गाडीची तपासणी, त्याच दिवशी ठमीची चाचणी. दोन्ही झालं की गाडी तिच्या नावावर, आणि परवान्यावर हाताच्या गाडीची नोंद. कारखान्यातल्या बाई दहा तारखेपासून घेतो म्हणाल्या आहेत.

ठमीने आज कपाट उघडून कामावरचे कपडे काढले. दोन ढगळ झाले आहेत. आई टाके घालत बसली आहे.

३ मार्च

पेडल काढायचा होता. फिटरला सांगूनही ठेवलं होतं. पण काल संध्याकाळी सिग्नलला ती जरा गोंधळली आणि मला घाम फुटला. म्हटलं, उद्याच तर ती सगळ्यात जास्त घाबरलेली असणार, आणि उद्याच मी पाय काढून घेऊ? माझ्या शेकडो विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली ती दोन ब्रेकच्या गाडीतूनच. साहेब लोकांना त्याची सवय आहे. उलट दुसरा ब्रेक नसला तर ते गाडी आत घेत नाहीत. राहू दे. परवा काढू.

४ मार्च

संध्याकाळ झाली आहे. ठमी खोलीत आहे. काय झालं ते लिहितो, म्हणजे माझं मला तरी कळेल.

तपासणीचे साहेब नवीन होते, ओळखीचे नव्हते. बोलायला चांगले. ठमी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली, खिडकीची काच खाली. केस विंचरून, कामावर जाताना लावायची ते घड्याळ लावून. साहेबांनी गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेले बदल एकेक करून गाडीशी ताडून पाहिले. हाताचा ब्रेक, हाताचा वेग, लट्टू. मग माझ्या बाजूचं दार उघडून खाली वाकले, आणि चटई वर केली.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "दुसरा ब्रेक आहे, साहेब. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो."

"ही स्कूलची गाडी नाही. ही एका अपंग माणसाची, तिच्यासाठी बदलून घेतलेली गाडी आहे. जे बदल लिहिले आहेत तेवढेच चालतात. हा कधी बसवला?"

ठमीने विचारलं, "कुठला ब्रेक?"

साहेबांना वाटलं तिला माहीत असेल. त्यांनी पेडल हाताने दाबून दाखवला. तिच्या हातातली दांडी पुढे गेली. त्यांनी सोडला, दांडी मागे आली. पुन्हा दाबला. ठमी आपल्या हाताकडे बघत होती.

साहेब म्हणाले, "मास्तर, रागावू नका, पण हा असताना मी यांची चाचणी कशी घेऊ? गाडी कोण थांबवतंय ते मला कसं कळणार?"

मी म्हटलं, आत्ता काढतो, इथेच काढतो. तसं होत नाही म्हणाले. परवानगीशिवाय बदल केला म्हणून नोंद अडली. पेडल काढून, गाडी मूळ स्थितीत असल्याचा मान्यताप्राप्त गॅरेजचा दाखला घेऊन, नवी तारीख. ती मे महिन्यातली. मी हात जोडले. पोरीची नोकरी जाईल म्हटलं. ते म्हणाले, "माझ्या हातात असतं तर..." आणि पुढच्या गाडीकडे गेले.

तीस वर्षं ज्या कचेरीत दुसऱ्या ब्रेकवाचून मला पाऊल टाकू दिलं नाही, तिथेच दुसरा ब्रेक आहे म्हणून माझ्या पोरीला परत पाठवलं. मला कळत नाही. मी वाईट काय केलं? मी तिला सांभाळलं.

येताना गाडी मी चालवली. ठमी मागे बसली.

५ मार्च

सकाळी तिने मला खोलीत बोलावलं. पडदा बंदच होता. आवाज शांत होता, रागावली असती तर बरं झालं असतं.

"कधी बसवलात?"

"खांबाचं झालं त्याच्यानंतर."

"म्हणजे सगळ्याच वेळी होता."

"हो."

"बाबा, त्या सायकलवाल्या पोराच्या वेळी मी थांबवली की तुम्ही?"

मी म्हणणार होतो, तू. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती इतकी टक लावून बघत होती की खोटं बोलवेना. आणि खरं काय, ते मला माहीत नव्हतं. माझा पाय मला विचारून दाबत नाही. कधी दाबतो, किती दाबतो, तीस वर्षांत मी कधी बघितलंच नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"पुलावर?"

"माहीत नाही गं."

"एकदा तरी, कुठेतरी, माझी मी थांबले असेन ना?"

मी पडद्याची दोरी हातात घेतली आणि सोडून दिली. ती म्हणाली, "जा तुम्ही. तुमचा विद्यार्थी येईल." मी गेलो. विद्यार्थी आला होता.

८ मार्च

फिटरने पेडल काढला. त्याने मला एका शब्दाने टोचलं नाही. पोरीला सांगितलं होतंत का, एवढंसुद्धा विचारलं नाही. पैसे घेतले नाहीत, तेही मला लागलं.

१० मार्च

आज ती कामावर जायची होती. टाके घातलेले कपडे आईने परत कपाटात ठेवले. कारखान्याच्या बाईंना मी फोन केला, सगळं सांगितलं, माझीच चूक म्हटलं. मेपर्यंत थांबता येत नाही, वरून दबाव आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, "मी रोज आणून सोडतो, शाळा बंद करतो." त्या म्हणाल्या, "तसं तिलाही विचारून झालंय. नको म्हणाली."

तिला म्हटलं, चल, मैदानात जाऊ. आता खाली काही नाही, हात घालून बघ. मी बसत नाही पाहिजे तर, बाहेर उभा राहतो. बऱ्याच आर्जवांनी तयार झाली.

गोदामांमागे मी उतरून लांब भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने गाडी चालू केली. इंजिनाचा आवाज येत होता. गाडी हलली नाही. बराच वेळ नुसतं इंजिन चालू. मग बंद झालं. मी धावत गेलो. दांडी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

"किती ढकलायची, बाबा? मला कळत नाही किती ढकलायची. प्रत्येक वेळी ती जायचीच ना पुढे."

मी म्हटलं, पुन्हा शिकू. पहिल्यापासून. मी शिकवतो.

"नको," म्हणाली. दुसरं कोणी शिकवेल, फिटर शेजारी बसेल, हेही बोलून पाहिलं. "तोही बघतच बसेल ना माझ्याकडे. आणि मी त्याच्या पायांकडे."

१९ मार्च

ठमीच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही. वाढते, विचारते, औषध आणून देते. पण आज भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "पाय गेले तेव्हा पोर इतकी खचली नव्हती हो." मी ऐकलं नाहीसं दाखवलं. ती पुन्हा म्हणाली नाही.

३१ मार्च

जागा दुसऱ्या कोणाला दिली. बाईंनी ठमीला स्वतः फोन करून सांगितलं. ठमीने "थँक यू, बाई" म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

मला वाटत होतं नोकरी गेली म्हणून ती रुसली आहे, नोकरी दुसरी मिळेल, रंगाचे कारखाने काय थोडे आहेत? तसं बोललो. ती म्हणाली, "मिळेल हो, बाबा." माझी समजूत घातल्यासारखं. तेव्हापासून जेवण जात नाही मला.

आज शाळेत एक मुलगी शिकायला बसली होती, कॉलेजातली. उतारावर म्हटलं, थांबव. गाडी थांबली. मी तिला विचारलं, "कोणी थांबवली?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हीच ना, सर? मला काय येतंय अजून?" किती सहज म्हणाली. शेवटचा तास रद्द करून घरी आलो.

६ एप्रिल

ठमीने घड्याळवाल्या बाईंना कळवून टाकलं की गाडी घेणार नाही. मला विचारलं नाही. गाडी कागदावर अजून त्यांचीच आहे, तेव्हा अडचण काही नाही. नियमाप्रमाणे दुसरा अपंग माणूस शोधायचा, एवढंच; तो मिळेपर्यंत गाडी आमच्याच दारात उभी राहील. दिलेले पैसे बाईंनी निमूट परत केले. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा काही म्हणायला हवं होतं, माफी वगैरे. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी बरी आहे ना?" मी हो म्हटलं.

१७ एप्रिल

बाईंनी धाडलेला माणूस आज गाडी बघायला आला. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिशीचा, दोन्ही काखेत कुबड्या. रिक्षातून उतरताना कोणाला हात लावू दिला नाही. मी दाखला दाखवला, टायर दाखवले, दांडी पुढे-मागे करून दाखवली. पण तो माझं ऐकून घेत होता तेवढंच. त्याचं लक्ष ओट्यावर होतं. ठमी खुर्ची घेऊन बाहेर आली होती, बऱ्याच दिवसांनी. माझं बोलून होईपर्यंत तो थांबला आणि मग तिच्याकडे वळला. या गाडीतलं या घरात खरं कोणाला कळणार, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

"ताई, तुम्ही चालवलीय ना ही? ब्रेक कसा लागतो? हाताला जड जातो का?"

मी ठमीकडे बघितलं. मैदान, गोदामांचा रस्ता, पूल, कारखान्याचं फाटक, बाजारपेठ, सगळीकडे हिने नेली होती ही गाडी. मला वाटलं, आता ती सांगेल काहीतरी. चांगलं नाही तर वाईट सांगेल, त्याच्यासमोर मला चार शब्द ऐकवेल. ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

ठमी म्हणाली, "मला नाही सांगता येणार, दादा. मी कधी चालवली नाही."

आवाजात राग नव्हता. त्याने जसं सरळ विचारलं तसं तिने सरळ सांगितलं. मी मध्ये बोलणार होतो, खोटं आहे, सहा आठवडे चालवली हिने. पण तसं म्हणायला मला ते माहीत असायला हवं होतं.

त्या माणसाने माझ्याकडे किल्ली मागितली. मी दिली. शेजारी बसू का, असं त्याने विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही. तो एकटाच गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला, तिथे थांबला, वळला. ठमी ओट्यावरून बघत होती. गाडी परत येईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग खुर्ची फिरवून आत गेली.